दोनशे बारावी तक्रार

सायकल आधी ओळखू आली, मुलगी नंतर.

गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. नेमगोंडा मगदूम कानावर हेडफोन चढवून दिवसातली पाचवी ध्वनिफीत ऐकत होते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’. क्रँक चेनगार्डला घासत होता, दुसरं काही नाही. अशा टकटकणाऱ्या सायकली जगात काय कमी आहेत? पण त्या ‘टक्’च्या पोटात एक बारीक पितळी नाद होता, आणि तो फक्त एकाच सायकलीत असू शकत होता. चेनगार्डचा तुटलेला कान नेमगोंडांनी स्वतः बसवला होता, सतारीच्या पडद्याचा उरलेला पितळी तुकडा लावून. तेव्हा सन्मती म्हणाली होती, “पप्पा, सायकल दुरुस्त करायला दिली होती, वाजवायला नव्हे.”

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायले. मग हात पँटला पुसून तो परत चढवला.

सन्मती जाऊन सात वर्षं झाली होती.

नेमगोंडा पोलीस नव्हते. कृष्णाकाठच्या त्या गावात एक अख्खी गल्ली तंतुवाद्यं घडवते, त्या गल्लीत चाळीस वर्षं त्यांनी सतारी केल्या होत्या. त्यांचं खरं नाव जवारीसाठी. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं केसभर घासला की सुराला तो झणकार येतो. जास्त घासला की सतार घसा बसल्यासारखी बोलते. हे काम मापात होत नाही, कानानंच करावं लागतं. अशा माणसाचं पोलिसांच्या वाहतूक शाखेत काय काम, असा प्रश्न गल्लीतही सगळ्यांना पडला होता. सुरुवातीला तर लोक थट्टेनं विचारायचे, “काय नेमूअण्णा, आज किती ट्रक सुरात लावले?”

त्याचं उत्तर एका लहानशा दिव्यात होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी सायकलवाल्यांसाठी कायदा झाला, की ओलांडून जाताना गाडीनं दीड मीटर अंतर सोडायचं. कायदा झाला, पण अंतर मोजणार कोण? म्हणून शाळा-कॉलेजच्या मुलांना सीटखाली लावायचा एक लाल दिवा वाटण्यात आला. लोक त्याला पाठराखा म्हणत. पाठराखा मागून येणाऱ्या गाडीवर रेडिओलहरी सोडायचा आणि त्या परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढायचा. दीड मीटरच्या आत कुणी आलं, की आधीची वीस सेकंदं आणि नंतरची वीस सेकंदं आवाज साठवून थेट पोलिसांकडे पाठवायचा. बटण दाबलं तर सायकलवाल्याला आपलेही दोन शब्द बोलता यायचे. कॅमेरा मात्र नव्हता. चिखलानं तो आठवड्यात आंधळा व्हायचा. त्यामुळे पोलिसांकडे तक्रारींचा डोंगर साचला. वेळ होती, जागा होती, अंतर होतं. फक्त गाडीचा नंबर नव्हता. आवाजावरून गाडी शोधायची विद्याच तेव्हा कुणाकडे नव्हती. तक्रारी नुसत्या पडून राहिल्या.

मग अलीकडे ती विद्या आली. कालवलेल्या आवाजाची एकेक साल सोलून काढणारं यंत्र निघालं. वारा वेगळा, टायर वेगळा, इंजिन वेगळं, मागच्या फाळक्याचा सैल बोल्ट वेगळा. हे सगळं एकत्र धरलं की प्रत्येक गाडीचा स्वतःचा असा एक गळा असतो, आणि दोन गाड्यांचा गळा सारखा नसतो, हे सिद्ध झालं. अडचण उरली ती वयाची. टायर बदलतात, रबर कडक होतं, इंजिन दमतं. सात वर्षांपूर्वीचा गळा आणि आजचा गळा एकाच गाडीचा आहे का, तिथं यंत्र गोंधळायचं. घोडी झिजून, चार हात फिरून वीस वर्षांनी परत आलेली सतार जो नुसत्या एका झणकाऱ्यावरून ओळखतो, तो माणूस इथं गोंधळत नाही. म्हणून नदाफ मॅडम स्वतः गल्लीत आल्या होत्या.

शबाना नदाफ त्या ध्वनिकक्षाच्या फौजदार. बोलणं रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले होते. “अण्णा, प्रत्येक फितीला तीन आठवडे. तेवढ्यात ओळख पटली तर पटली, नाहीतर फीत पुसली जाते. आणि फितीवर नाव नसतं, पण कधी नात्यातला आवाज आलाच, तर हेडफोन काढायचा आणि मला सांगायचं. ती फीत मग दुसरा कोणीतरी ऐकेल.”

नेमगोंडांनी मान डोलावली होती. खरं तर ते ही नोकरी धरून बसले होते, ते याच एका फितीची वाट बघत. सन्मतीच्या अपघाताच्या कागदावर ‘अज्ञात वाहन’ असे दोन शब्द होते, आणि त्या दोन शब्दांनी त्यांची झोप खाल्ली होती.

त्या गुरुवारी नदाफ मॅडम दोनदा टेबलापाशी येऊन गेल्या. नेमगोंडांनी हेडफोन काढला नाही.

त्यांनी फितीवरचा दिव्याचा क्रमांक टिपून घेतला आणि त्या दिव्याकडून आलेल्या सगळ्या तक्रारी मागवल्या. दोनशे अकरा होत्या. हातात होती ती दोनशे बारावी.

पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काहीही ऐकलं नाही.

“तक्रार एकतीस. उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मागं दिवा न्हाई, नंबर न्हाई, ड्रायव्हरला कान न्हाईत. गाणं मात्र लई मोठं आहे.”

“तक्रार एकोणपन्नास. जीप. सत्तर सेंटिमीटर. आतला माणूस म्हणतो, बाजूला हो की गं. आणखी बाजूला झाले तर विहिरीत जाईन, मग विहिरीतनं तक्रार करू काय?”

तिचा श्वास लागलेला असायचा. चढावर शब्द तुटायचे. मागं वारा, टकटक आणि तिचं बोलणं. घरात तिचे फोटो ढीगभर होते, पण बोलणं कुणी साठवलं नव्हतं. जिवंत माणसाचं बोलणं कोण साठवतं? आणि आता ते मिळालं होतं, तेही फक्त तिच्या जिवावर बेतलेल्या क्षणांचं. कुणीतरी तिला घासून गेलं म्हणूनच ती फितीवर होती. ज्या दिवशी सगळे नीट चालले, त्या दिवसाची सन्मती कुठंच उरली नव्हती. हे नेमगोंडांच्या लक्षात आलं. तरीही हात पुढची फीत लावतच राहिला.

शंभराच्या पुढे तिचा सूर बदलला. ती ऐकणाऱ्याशी बोलायला लागली.

“ऐकणारे काका, तुम्ही आहात ना तिथं? दीड वर्ष झालं मला. एकदा नुसतं ‘हं’ तरी म्हणा.”

“हं,” नेमगोंडा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असावेत, कारण पलीकडच्या टेबलावर फिती ऐकणारे, मूळचे तबले घडवणारे मोमीनचाचा वळून बघायला लागले.

घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

घरी विमल होती, त्यांची बायको. देवघराशेजारच्या कोनाड्यात सन्मतीचा फोटो आणि फोटोला टेकवलेला तिचा फोन. विमल दर रविवारी तो चार्ज करी. नंबर बंद पडला की कंपनी तो दुसऱ्या कुणाला तरी देते, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. आपण त्या नंबरावर कधी चुकून फोन लावला आणि पलीकडून परकं कुणी बोललं तर, ही तिची धास्ती. म्हणून सात वर्षं तो नंबर जिवंत होता. त्याचं रिचार्ज न चुकता करून आणायचा तो आदगोंडा, विमलचा धाकटा भाऊ.

आदगोंडाचं सगळंच न चुकता असे. दर सोमवारी भाजी, अमावास्येला नारळ, विमलचे गुडघे दुखले की दवाखाना. पूर्वी तो टेम्पो चालवायचा. गल्लीतल्या सतारी गावोगाव तोच पोचवायचा. भाची गेली त्याच आठवड्यात त्यानं टेम्पो मोडीत काढला आणि पिठाची गिरण टाकली. असा मामा मिळायला भाग्य लागतं, असं गल्ली म्हणायची. एकच गोष्ट होती. तो उंबऱ्याच्या आत येऊन कधी बसला नाही. पिशवी द्यायचा आणि उभ्या उभ्या निघायचा. विमल म्हणायची, “त्याला फोटो बघवत न्हाई.”

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नेमगोंडांनी धीर एकवटला आणि शेवटची फीत सोलायला घेतली.

यंत्रानं आधीच निकाल दिला होता: ‘वाहन नोंदीत नाही, जुळत नाही.’ त्यांनी वारा काढला. टायर काढले. उरलं एक डिझेलचं इंजिन, जुनं, दोन सिलिंडरचं. पाठराख्यानं अंतर लिहिलं होतं: एकशे चाळीस, नव्वद, एकेचाळीस. म्हणजे गाडी सरळ जाता जाता अचानक डावीकडे आली होती. का? वेळ आणि जागेवरून ते ठिकाण जुन्या जकात नाक्याचं होतं. तिथल्या खड्ड्याला अख्खा तालुका शिव्या घालायचा. पण फितीत खड्ड्याचा दणका नव्हता. गाडीनं खड्डा चुकवला होता.

मग त्यांनी इंजिनही काढून टाकलं, आणि हेडफोनमध्ये जे उरलं ते ऐकून त्यांचे हात टेबलावर तसेच राहिले.

तारा वाजत होत्या.

सतारीला पडद्यांखालून तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही. धक्का बसला किंवा त्यांचा सूर आसपास वाजला की त्या आपोआप बोलतात. म्हणूनच गल्लीत एक रीत आहे. वाद्य गावाबाहेर निघालं की त्याच्या तारा उतरवायच्या आणि मुकं करून पाठवायचं. ताणलेल्या तारांनी प्रवासात दांडी तडकते. ही रीत कुणी मोडत नाही. नेमगोंडांनी आयुष्यात एकदाच मोडली होती.

तरफा कोमल रिषभात आणि तीव्र मध्यमात लावलेल्या. पंचम कुठंच नाही. संध्याकाळचा राग, मारवा.

सन्मती गेली त्या दिवशी बाहेरगावचे एक वादक येणार होते. जिल्ह्याच्या ठिकाणी सहाला मैफल. त्यांचा निरोप होता, मला यायला उशीर होतोय, दोन्ही सतारी मारव्यात लावूनच पाठवा. आणि त्या दिवशी जवारी मनासारखी होत नव्हती. नेमगोंडा घासत बसले, अर्धा तास जास्त. आदगोंडा बाहेर टेम्पो चालू ठेवून उभा. शेवटी दोन्ही सतारी गाद्यांवर आडव्या ठेवताना ते म्हणाले होते, शब्द न शब्द आठवत होता, “आदू, तारा चढवलेल्या आहेत. बायपासनं जा. खड्डा लागू देऊ नको, आणि सूर उतरायच्या आत पोच. वाटेत कुठं म्हणून थांबू नको.”

त्याच रात्री दवाखान्यात आदगोंडा रडत म्हणाला होता, “मी बायपासनं गेलो, दाजी. जुन्या रस्त्यानं गेलो असतो तर मला ती दिसली असती.”

नेमगोंडांनी मग एकशे सदतिसावी तक्रार शोधली. ती त्यांनी आठवड्यापूर्वी ऐकली होती आणि हसले होते. आता हसू आलं नाही.

“तक्रार एकशे सदतीस. टेम्पो, नव्वद सेंटिमीटर. ऐकणारे काका, हा टेम्पो माझ्या मामाचा आहे. नंबर मला पाठ आहे, पण सांगत न्हाई. मामा, आज तू घरी ये. आईसमोर बोलते तुझ्याशी.”

ती खरंच बोलली होती. आदगोंडानं जेवणाच्या ताटावर कान धरले होते, आणि सगळे हसले होते. सर्वांत मोठ्यानं नेमगोंडा हसले होते.

त्या फितीतला टेम्पो आणि शेवटच्या फितीतला टेम्पो त्यांनी एकापाठोपाठ एक लावले. यंत्राची गरज नव्हती. गळा एकच होता. आदगोंडाला वाचवायला तिनं नंबर सांगितला नव्हता, आणि तिच्याच त्या तक्रारीनं आता त्याला ओळखलं होतं.

आणि मग तारांच्याही खाली, सगळ्यांत तळाला, तिचा आवाज होता. टेम्पो पुढे निघून गेल्यावरचा. घाबरलेला नव्हता. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं, तसा.

“मामा!”

टकटक थांबली. कडेला दाबलं गेलेलं चाक खडीत घसरलं, हँडल खडखडलं. पुढं काय झालं ते नेमगोंडांना ऐकावं लागलं. सगळ्यांत शेवटी आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक फिरत राहिलं, टिकटिक, टिकटिक, हळू हळू होत. ते थांबण्याआधीच फितीची वीस सेकंदं संपली होती.

शनिवारी दुपारी ते गिरणीवर गेले. फीत पुसली जायला चार दिवस उरले होते. गप्प बसलं की आदगोंडा सुटत होता, आणि सन्मतीची शेवटची हाकही कायमची जात होती.

गिरणीत इतका गोंगाट होता की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. आदगोंडाच्या भुवयांवर पीठ साचलं होतं.

“दाजी, तुम्ही कशाला आलासा? दळण मी घिऊन गेलो असतो की.”

“गिरण बंद कर, आदू.”

त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खटका ओढला. पट्टा बराच वेळ फिरत राहिला. मग थांबला.

“तू बायपासनं गेला नव्हतास,” नेमगोंडा म्हणाले.

आदगोंडा खाली बघत होता. “न्हाई. बायपासला उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. आधीच उशीर झालता. जुन्या रस्त्यानं काढली.”

“ती दिसली होती तुला?”

“सायकल दिसली. कोण हाय ते न्हाई बघितलं. मी आरशात सतारी बघत हुतो, दाजी. रस्ता न्हाई, सतारी. नाक्याचा खड्डा आला तशी डावीकडं वढली. आन् मग...” त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं, पीठ आणखीच पसरलं. “मग हाक आली. मामा म्हणून. सात वर्षं झाली, मी सवताला सांगतोय की ती हाक माझ्या डोक्यातली हाय. म्हणून तर हितं बसतो, गिरणीच्या आवाजात. तुमी त्या मशिनीवर ऐकता म्हणं. आता तुमीच सांगा. खरी हुती काय?”

एक ‘नाही’ म्हटलं असतं तर तो माणूस सुटला असता. नेमगोंडांच्या ओठावर तो शब्द आलाही होता. पण सन्मतीनं दीड वर्ष एका ‘हं’ची वाट बघितली होती.

“खरी होती,” ते म्हणाले.

आदगोंडा पिठाच्या पोत्यावर बसला. हमसून रडेल असं वाटलं होतं, पण रडला नाही. फार दिवसांनी काहीतरी खाली ठेवल्यासारखे त्याचे खांदे सुटले.

“ऐकली, आन् थांबलो न्हाई. वाटलं, असंल कोण तरी वळखीचं पोर. तुमी म्हणला हुतासा, कुठं थांबू नको, सूर उतरतील.”

“म्हणालो होतो.”

“तुमच्यावर ढकलत न्हाई मी.”

“माझं आहे तेवढं माझ्याकडं राहू दे. त्यावर तुझा हक्क नाही,” नेमगोंडा म्हणाले. “तारा चढवून पाठवल्या कुणी? उशीर कुणी केला? त्या दिवशी ताटावर कान धरलास तेव्हा हसलं कोण?”

“लिवणार हायसा?”

“तुझं नाव लिहीन. गाडी काय सांगून पाठवली तेही लिहीन. रकान्यात मावलं नाही तर वेगळा कागद जोडीन.”

आदगोंडानं मान हलवली. बराच वेळ तो जात्याच्या तोंडाशी साचलेलं पीठ बोटानं गोळा करत होता.

“अक्काला मी सांगतो,” तो म्हणाला. “सोमवारी. भाजी घिऊन येतो तवा. तुमी आधी काय बोलू नका.”

सोमवारी सकाळी नेमगोंडांनी नदाफ मॅडमच्या टेबलावर चार पानं ठेवली. त्यांनी ती उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढली.

“हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“का नाही सांगितलं, अण्णा?”

“तुम्ही हेडफोन काढून घेतला असता.”

चष्मा काढून मॅडमनी डोळे चोळले. मग पडद्यावर दोनशे बारावी तक्रार उघडली. “नियमानं हे बटण तुम्हाला दाबता येत नाही. मी दाबते. तुमचा जबाब नंतर वेगळा घेऊ. आदगोंडांना बोलवावं लागेल, ते समजून असा.”

त्यांनी ‘ओळख पटली’वर बोट ठेवलं. पडदा हिरवा झाला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटली, जशी प्रत्येक तक्रारीनंतर उमटायची आणि जी आजवर कुणी नीट वाचली नव्हती:

‘तक्रारदारास कळवले. ध्वनिफीत पाठवली.’

नेमगोंडांनी ती दोनदा वाचली. तक्रारदार. त्यांच्या डोळ्यांपुढे घरातला कोनाडा आला, फोटोला टेकवलेला फोन, काल रविवारीच चार्ज केलेला.

त्यांनी विमलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. चपला कधी घातल्या, रिक्षात कधी बसले, काही कळलं नाही. रिक्षा जुन्या रस्त्यानं निघाली होती. जकात नाक्यापाशी खड्डा कधीच बुजवलेला, वर गुळगुळीत डांबर. एक मुलगी सायकलवरून जात होती. “लांबनं घे,” नेमगोंडा इतक्या जोरात ओरडले, की रिक्षावाल्यानं ब्रेकच मारला.

घराचं दार उघडं होतं. विमल कोनाड्याखाली जमिनीवर बसली होती, दोन्ही हातांत फोन धरून. उंबऱ्याबाहेर भाजीची पिशवी घेऊन आदगोंडा उभा. तो नुकताच आला होता की मघापासून उभा होता, कळत नव्हतं. पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या.

विमलनं नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“सन्मूला पोलिसांचा मेसेज आलाय,” ती म्हणाली. “तुमची तक्रार खरी आहे म्हणत्यात. उशिराबद्दल माफी मागितली आहे. आणि ऐका म्हणून हे पाठवलंय.”

“विमल, मी सांगणार होतो.”

“किती दिवस ऐकताय तुमी?”

नेमगोंडांना खोटं बोलता आलं नाही. “अठरा दिवस झाले. दोनशेच्या वर आहेत. तक्रारी. बोललीय त्यात ती.”

“अठरा दिवस.” विमलनं तो आकडा परत एकदा स्वतःशीच म्हटला. “रोज घरी येऊन माझ्या हातचं जेवत हुता. आणि माझ्या लेकीचा आवाज तुमच्याजवळ हुता.”

भिंतीला पाठ लावून ते तिच्यासमोर बसले. यंत्रानं एकेक आवाज मोकळा करून पाठवलेली ती फीत विमलनं किती वेळा ऐकली होती, हे विचारायची त्यांची छाती नव्हती. एकदा पुरेशी होती. त्यात तारा होत्या आणि तारांखाली ती हाक होती, आणि सन्मतीला मामा एकच होता.

“अक्का,” उंबऱ्याबाहेरून आदगोंडा म्हणाला, “मी आज तुला सांगायलाच आलतो.”

“बाहेरनं बोलू नको.” विमलनं मान वर केली नाही. “आत ये.”

तो हलला नाही.

“आदू, आत ये. बस.”

आदगोंडानं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. फोटोकडे न बघता तो दाराशीच टेकत होता. विमलनं शेजारची जमीन हातानं थोपटून दाखवली, आणि तो तिथं येऊन बसला.

“तिनं बोलवलं तवा तू थांबला न्हाईस,” ती म्हणाली. “आता थांब. मधी उठायचं न्हाई. शेवटपत्तोर ऐकायचं.”

तिनं फोन तिघांच्या मधोमध ठेवला आणि बोट लावलं. आधी टकटक आली, मग टेम्पो, मग मारव्यातल्या तारा, आणि मग सन्मतीनं हाक मारली. आदगोंडाचे ओठ हलले. सात वर्षं उशीर झालेलं उत्तर त्यानं दिलं, पण इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या बहिणीलाही ते ऐकू गेलं नसेल. नेमगोंडांच्या कानाला गेलं.

मग फक्त चाक उरलं, फिरत, हळू होत. फीत संपली, तरी बराच वेळ कुणी उठलं नाही.